चाळीस बरण्या, एकच पाणी

(बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातलं भाषण)

आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या दहा जणी. माइकपुढे एकटीच बसली आहे, पण बोलणं दहा जणींचं आहे. विषय आहे मासे. कालवणातले नव्हेत, बरणीतले. आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो आणि आम्ही मासे पाळतो, हे ऐकून आमच्या सासूबाईसुद्धा आधी हसल्याच होत्या. म्हणाल्या, “माणसांना पाणी नाही आणि ह्या निघाल्या माशांना पाजायला!” त्यांचं चुकलं नव्हतं. पाण्याचा हा हिशेब आम्ही कसा सोडवला आणि सोडवताना गट मोडायची वेळ कशी आली, ते आज सांगतो.

आम्ही पाळतो तो फायटर मासा. दुकानदार त्याला बेट्टा म्हणतात. बोटाएवढा जीव, पण शेपटी आणि पर असे की पैठणीचा पदर पसरावा. हा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या उथळ पाण्यातला. 2019 साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याची दोन लक्षणं आमच्या कामाची. एक म्हणजे तो पाण्याच्या वर तोंड काढून हवेतला श्वासही घेतो, त्यामुळे लहान जागेत तग धरतो. दुसरं म्हणजे दोन नर एका भांड्यात ठेवले, तर एकमेकांचे पर फाडतात. म्हणून नर दोन-तीन महिन्यांचे झाले, भांडू लागले, की प्रत्येकाला वेगळी बरणी द्यावी लागते. अंडी मात्र हा नरच सांभाळतो. तोंडाने फेसाचं घरटं बांधतो, पडलेलं अंडं उचलून परत जागेवर ठेवतो. आमच्यातली एक म्हणाली, “बाळंतपण बापाने काढायचं, हे मला पटलं!”

सुरुवातीला प्रत्येकीच्या घरी चार बरण्या होत्या. दहा घरांत मिळून चाळीस, एकेका बरणीत तीन लिटर पाणी. आता पाणी का बदलायचं ते ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. मासा खातो, घाण करतो, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही तर नाकाला झोंबतो ना, तोच. पाणी दिसायला काचेसारखं असतं, पण माशाचे कल्ले आतून भाजत असतात. म्हणून आम्ही आठवड्यातून दोनदा सगळं पाणी बदलत होतो. चाळीस बरण्यांचं 120 लिटर, दोनदा म्हणजे 240 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर आठवड्याला सोळा हंडे! मार्च उजाडला आणि घराघरात कुरबुर सुरू झाली. शिवाय पाणी एकदम बदललं की माशाला त्याचाही धक्का बसतो. आम्ही राबत होतो, आणि मासे तरी मरत होते.

तेव्हा ठरवलं की बरण्या एका खोलीत आणायच्या आणि पाणी एकच फिरवायचं. मासे वेगळे, पण पाणी सामाईक. मोठ्या मत्स्यपालन केंद्रांत असंच करतात, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण सामान कुठलं? ते आमच्याच शेतात पडलं होतं, ठिबकचं!

आता रचना नीट ऐका. लोखंडी मांडणीवर चार फळ्या, प्रत्येक फळीवर दहा बरण्या. सगळ्यांत वर चाळीस लिटरची टाकी आणि खाली जमिनीवर दोनशे लिटरचा निळा ड्रम. ड्रममध्ये कूलरचा पंप. पंप पाणी वरच्या टाकीत चढवतो. टाकीतून सोळा मिलिमीटरची ठिबकची नळी प्रत्येक फळीवर फिरते आणि तिच्यातून बारीक नळी एकेका बरणीत उतरते. बरणीच्या काठाखाली चार बोटांवर भोक पाडून ठिबकचंच रबरी ग्रोमेट आणि टेक-ऑफ बसवलं. पाणी तिथवर आलं की आपोआप बाहेर पडतं. आतून मच्छरदाणीचा तुकडा लावायचा, नाहीतर पिल्लू त्याच वाटेने जाईल. बाहेर पडणारं पाणी, चार इंची पाइप उभा चिरून केलेल्या पन्हाळीत पडतं आणि पन्हाळीतून परत ड्रमकडे येतं.

पंप जास्त पाणी चढवतो आणि बरण्यांना कमी लागतं. म्हणून वरच्या टाकीला सांडव्याची एक जाड नळी काढून ती ड्रममध्ये सोडली आहे. ही विसरलात तर खोलीत तळं होईल.

इथे आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. आधी आम्ही चार लिटरचे ड्रिपर लावले. हिशेब सोपा वाटला, तासाला चार लिटर म्हणजे तीन लिटरच्या बरणीचं पाणी तासाभरात फिरलं. पण ड्रिपर चार लिटर देतो तो शेतातल्या मोटारीच्या दाबावर. आमची टाकी मीटरभर उंच, तिचा दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं आणि शेवाळाने ड्रिपर तुंबले. मग ड्रिपर काढून बारीक नळीला प्लास्टिकचा छोटा कॉक लावला. मिनिटाला अर्धा कप चहाएवढं पाणी पडेल, इतकाच तो उघडायचा. धार जोराची नको. फायटरला वाहतं पाणी सोसत नाही, लांब पर ओढून तो थकतो.

आता गाळणी. पन्हाळीतलं पाणी थेट ड्रममध्ये पडत नाही. ड्रमच्या तोंडावर बुडाला भोकं पाडलेल्या दोन बादल्या एकावर एक ठेवल्या आहेत. वरच्या बादलीत जाड स्पंज. त्यात खाणं आणि विष्ठा अडकते. खालच्या बादलीत ठिबकच्या नव्या नळीचे बोटभर तुकडे. ज्यातून खतं सोडली ती जुनी नळी घेऊ नका. या तुकड्यांवरून पाणी थेंबथेंब ओघळतं आणि खरं काम इथे होतं. तुकड्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विष, तिसरं पुष्कळ सौम्य. म्हणजे गाळणी नुसती चाळण नव्हे, ती जिवंत आहे. तिला हवा लागते, ओल लागते आणि वेळ लागतो.

वेळ किती? चार ते सहा आठवडे. आमच्यातल्या दोघी-तिघींना घाई होती. पण दूध तापवलं आणि लगेच दही मागितलं, तर मिळेल का? विरजण लावावं लागतं. आम्ही एकीच्या जुन्या टाकीतला वापरता स्पंज आणून बादलीत ठेवला, तेच आमचं विरजण. मग आधी पाच मासे, आठवड्याने आणखी पाच, असं करत चाळीसपर्यंत गेलो.

थंडीत तर या रचनेचा मोठाच फायदा झाला. फायटरला 25 ते 28 अंश ऊब लागते आणि आपल्याकडच्या डिसेंबरच्या रात्री तुम्हाला माहीत आहेत. चाळीस बरण्यांना चाळीस हीटर कोण लावणार? ड्रममध्ये एक लावला, खिडकीला गोणपाट बांधलं, काम झालं. पण बायांनो, पाण्यात हात घालण्याआधी पंपाचं आणि हीटरचं बटण बंद करायचं, अर्थिंग तपासून घ्यायचं. यात हयगय नको.

दोन-तीन महिने सगळं छान चाललं. मग आमच्यातल्या एकीने बाजारातून एक सुंदर निळा नर आणला आणि कौतुकाने थेट मांडणीवरच्या बरणीत सोडला. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. आठवड्यात वरच्या फळीवर, खालच्या फळीवर, सगळीकडे तेच. या रोगाचा जंतू माशाच्या अंगावरून गळून पडतो, पाण्यात वाढतो आणि पोहत दुसरा मासा गाठतो. आमच्या पाण्याने त्याला चाळीस घरांची वाट उघडी करून दिली होती. तेवीस मासे गेले.

त्या संध्याकाळची बैठक आठवली की अजून पोटात कालवतं. ज्यांचे चारही मासे गेले, त्या म्हणाल्या, “आमच्या बरण्या आम्हाला द्या, आमचं आम्ही बघू.” जिने मासा आणला होता ती कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. कुणी म्हणालं, नुकसान तिनेच भरावं. कुणी म्हणालं, तिच्या कर्जाचा हप्ता आधीच थकलाय, तिने कुठून भरावं? मग आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आक्का बोलल्या, “पाणी वाचलं तेव्हा दहा जणींचं वाचलं. आता मासे मेले तर ते एकीचेच कसे मेले?”

मैत्रिणींनो, आम्हाला कळलं ते एवढंच. पाणी सामाईक केलं की रोगही सामाईक होतो, चूकही सामाईक होते. पंप आणि नळ्या हे निम्मं काम, उरलेलं निम्मं म्हणजे नियम. आमच्या नियमांची वही असती, तर तो मासा मांडणीवर गेलाच नसता. वही केली नव्हती, ही चूक दहा जणींची. नुकसान गटाच्या खात्यातून सोसलं आणि वही त्याच रात्री लिहिली.

वहीत काय आहे? नवीन मासा तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या बरणीत. त्याची जाळी वेगळी, मग वेगळा, आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवून खळखळून विसळायचे. मासा मलूल दिसला, की त्याची बरणी लगेच मांडणीवरून काढायची. औषध द्यायचं ते त्या बाजूच्या बरणीतच. फिरत्या पाण्यात औषध टाकलं तर ते धडधाकट माशांनाही जातं आणि गाळणीतले जिवाणू मरू शकतात. पिल्लं काढायचं टबही वेगळं, कारण साधी धारसुद्धा फेसाचं घरटं मोडते. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. प्रत्येक बरणीला जाळीचं झाकण, कारण हा मासा उडी मारतो. दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा, नाहीतर नर दिवसभर एकमेकांवर फुरफुरत बसतात.

आणखी दोन गोष्टी वहीत लाल शाईने लिहिल्या आहेत. पहिली, टीसीएल. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती आपल्या भल्यासाठीच, पण त्यातला क्लोरीन माशांना आणि गाळणीच्या जिवाणूंना मारतो. म्हणून नळाचं पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून, मधूनमधून ढवळून मगच वापरायचं. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. ड्रममधलं बादलीभर पाणी काढून त्यात पिळायचा. दुसरी गोष्ट, वीज. वीज गेली की वरच्या टाकीतलं चाळीस लिटर पाणी हळूहळू खाली येतं. म्हणून ड्रममध्ये शंभर लिटरच पाणी ठेवतो, वरची जागा रिकामी. मासे हवेतून श्वास घेतात, ते तग धरतात. गाळणी मात्र सुकता कामा नये. वीज गेली की तासातासाला ड्रममधलं तांब्याभर पाणी बादलीवर ओतायचं, ज्या दिवशी जिची पाळी तिने.

आता पाण्याचा ताळेबंद. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार दरवर्षी ग्रामसभेत पाऊस आणि जमिनीतलं पाणी मोजतं आणि मगच कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतं. आम्ही तेच खोलीपुरतं केलं. बरण्यांतलं 120, ड्रममधलं 100, टाकीतलं 40, एकूण 260 लिटर फिरतं. नायट्रेट साठत जातं, म्हणून आठवड्याला त्यातलं 45 लिटर काढतो आणि तेवढंच नवं घालतो. उडून जाणाऱ्या पाण्याची थोडी भर. सोळा हंड्यांच्या जागी साधारण तीन! आणि काढलेलं पाणी परसबागेतल्या मेथीला, वांग्याला जातं. नायट्रेट म्हणजे पिकाचं खतच. सासूबाई आता हसत नाहीत, वांगी तोडायला पुढे असतात.

कुणाला सुरू करायचं असेल तर एकदम चाळीस बरण्या करू नका. दहा करा, एक फळी. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटसाठी महिलांना खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे. आज काय चालू आहे, कागद कोणते लागतात, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पैसा घाला. आणि दुकानदाराशी आधी बोला. मासा वाढवणं सोपं, विकणं अवघड.

ज्या मैत्रिणीने तो निळा मासा आणला होता, तिच्याकडे आम्ही नव्या माशांच्या वेगळ्या खोलीची किल्ली दिली आहे. तीन आठवडे झाल्याशिवाय ती आम्हा कुणालाही, अगदी आक्कांनासुद्धा, मासा बाहेर काढू देत नाही.

पंपाचं बटण लावण्याआधी वही लिहा, मैत्रिणींनो. येतो आम्ही. रामराम.