महास्फोटाचं झुंबर

झुंबर म्हटलं की आपल्याला आठवतो एखादा जुना वाडा किंवा राजवाडा. लोलक, साखळ्या, मेणबत्त्या आणि खाली गालिचा. आज मी ज्या झुंबराविषयी बोलणार आहे, ते मात्र विश्वाच्या जन्माचं झुंबर आहे. त्यातल्या दांडीची लांबी म्हणजे काळ, काच म्हणजे दीर्घिका आणि दिवा म्हणजे क्वासार.

ही गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या लिंकन सेंटरमध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराची नवी वास्तू १६ सप्टेंबर १९६६ रोजी खुली झाली. तिच्यातली स्फटिकाची झुंबरं ही ऑस्ट्रिया सरकारची भेट. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल योजनेतून अमेरिकेनं जी मदत केली, तिच्याबद्दलची कृतज्ञता म्हणून दिलेली. व्हिएन्नाच्या लोबमायर या १८२३ पासून काचकाम करणाऱ्या कंपनीचे हान्स हाराल्ड राट यांनी ती घडवली. वास्तुकार वॉलेस हॅरिसन यांना राजवाडी थाटाचं झुंबर नको होतं. त्यांनी राट यांच्या हातात दीर्घिकांविषयीचं एक पुस्तक ठेवलं आणि राट यांनी बटाट्यात काड्या खोचून नमुना तयार केला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, झुंबर पाहिलं की ती पटते. मध्ये गोळा, त्यातून चहूकडे निघालेल्या दांड्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला स्फटिक. रशियाचा पहिला उपग्रह १९५७ साली उडाला होता, तेव्हा लोकांनी या झुंबरांना लाडानं नाव दिलं ‘स्पुटनिक’! प्रेक्षागृहातली बारा झुंबरं प्रयोगापूर्वी हळूहळू छताकडे वर सरकतात, आणि तेही एक नाटकच असतं.

आता याच सुमाराची दुसरी घटना. न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथं आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे एका शिंगाच्या आकाराच्या मोठ्या अँटेनातून येणाऱ्या खरखरीनं हैराण झाले होते. अँटेना कुठंही वळवा, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घरटं केलं होतं. ती घाण साफ केली, तरी खरखर जाईना. १९६५ साली उलगडा झाला. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशाची उरलेली धग होती. विश्व साधारण चार लाख वर्षांचं असताना त्याचं तापमान तीन हजार अंशांच्या आसपास उतरलं आणि तोवर अडखळत फिरणारा प्रकाश मोकळा सुटला. तोच आज गार होऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचतो. पेन्झियस आणि विल्सन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. रेडिओवर बोलताना खरखरीचं एवढं कौतुक करावं लागेल, असं वाटलं नव्हतं!

एकीकडे झुंबर, दुसरीकडे खरखर. एकाच काळातल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो जोडला जोसाया मॅकएल्हेनी या काचकलावंतानं. त्याचा जन्म १९६६चा, म्हणजे ऑपेराची ती वास्तू उघडली त्याच वर्षीचा. युरोपातल्या उस्तादांच्या हाताखाली तो भट्टीवर फुंकनळी धरायला शिकला. ऑपेरातली झुंबरं पाहून त्याच्या मनात आलं, की ही तर महास्फोटाची चित्रंच आहेत, फक्त ती घडवणाऱ्यांना तसं म्हणायचं नव्हतं. मग ती जाणूनबुजून, हिशेब मांडून घडवली तर?

हिशेब मांडायला त्याला भेटले डेव्हिड वाइनबर्ग, ओहायो स्टेट विद्यापीठातले विश्वरचनाशास्त्रज्ञ. दोघांच्या सहकार्यातून २००५ साली ‘अ‍ॅन एंड टु मॉडर्निटी’ हे पहिलं झुंबर तयार झालं. मध्यभागी धातूचा चकचकीत गोळा, म्हणजे प्रकाश मोकळा झाला तो क्षण. तिथून बाहेर निघालेल्या दांड्या जितक्या लांब, तितका काळ पुढं गेलेला. सर्वांत बाहेरची टोकं म्हणजे आज, सुमारे चौदा अब्ज वर्षांनंतर.

इथं एक अडचण होती. चार लाख आणि चौदा अब्ज यांत पस्तीस हजार पटींचा फरक. साधी मोजपट्टी लावली आणि मधला गोळा लिंबाएवढा धरला, तर झुंबराचा विस्तार दीड-दोन किलोमीटर होईल. म्हणून समान अंतराला समान वर्षं धरलेली नाहीत, तर समान पट धरलेली आहे. त्यामुळं सुरुवातीच्या घडामोडींना जागा मिळते आणि नंतरची अब्जावधी वर्षं बाहेरच्या थोड्या अंतरात मावतात. आपल्या आठवणींचंही थोडंफार असंच असतं. बालपणीचं एकेक वर्ष लांबलचक, नंतरची दहा वर्षं कुठं गेली ते कळत नाही.

दांड्यांच्या टोकांना हातानं फुंकून घडवलेल्या चकत्या आणि गोल आहेत. चकत्या म्हणजे सर्पिलाकार दीर्घिका, गोल म्हणजे लंबवर्तुळाकार दीर्घिका. आतल्या बाजूला त्या सुट्या-सुट्या आणि लहान, बाहेर यावं तसे त्यांचे घोळके वाढत जातात. गुरुत्वाकर्षणानं विश्वात हळूहळू जे केलं, ते इथं एका नजरेत दिसतं. दिवे म्हणजे क्वासार. विश्व काही अब्ज वर्षांचं असताना ते भरात होते, आज दुर्मीळ आहेत. म्हणून बाहेरच्या टोकांना दिवे नाहीतच म्हटलं तरी चालेल. शोभेचा विचार केला असता, तर कुणीही कारागिरानं दिवे काठावरच लावले असते.

मला या कामाचं मोल वाटतं ते इथं. अवकाशाच्या नावाखाली काचेत पुष्कळ काही होतं. निळ्या-जांभळ्या काचेत चंदेरी ठिपके पेरले, की झाली ‘आकाशगंगा’. त्यातही चांगलं काम आहेच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे जॉश सिम्प्सन गोलाकार काचेत अख्खे ग्रह उतरवतात, समुद्र-खंडांसकट. त्यांची पत्नी कॅडी कोलमन तर अंतराळवीर होती. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये १९७४ साली रॉडनी विनफिल्ड यांची जी रंगीत काचेची खिडकी बसवली, तिच्यात अपोलो-११ नं आणलेला सात ग्रॅमचा चांद्रखडक जडवलेला आहे. पण मॅकएल्हेनीनं आपल्या मनाची रचना बाजूला ठेवून आकड्यांची रचना मान्य केली, आणि तरी झुंबर सुंदर झालं. कलावंताला हे सोपं नसतं.

एक गोष्ट मात्र झुंबरात खोटी आहे, आणि ती सांगायला हवी. या झुंबराला केंद्र आहे, विश्वाला नाही. महास्फोट कुठल्या एका जागी झाला नाही, तो सगळीकडे झाला. शिवाय आपण आकाशात जितकं दूर पाहतो तितकं जुनं दिसतं; इथं जुनं सगळ्यांत आत आहे. म्हणजे पाहणारा विश्वाबाहेर उभा राहून फेरी मारतो. जिथं कुणालाच उभं राहता येत नाही, अशी ती जागा आहे.

२००८ साली मॅकएल्हेनीनं ‘आयलंड युनिव्हर्स’ हे पाच झुंबरांचं काम केलं. पाच झुंबरं म्हणजे पाच निरनिराळी संभाव्य विश्वं. एकात सगळ्या घडामोडी उशिरा होतात, एकात घडलेली रचना गोठून राहते. आपलं विश्व अनेकांपैकी एक असू शकतं, या कल्पनेवर ते आधारलेलं आहे.

महास्फोट हा सिद्धान्त सर्वांना मान्य होता असं नाही. त्याचं ‘बिग बँग’ हे नावही एका विरोधकानं दिलं, तेही रेडिओवरच्या भाषणात. १९४९ साली बीबीसीवर बोलताना फ्रेड हॉईल यांनी हा शब्द वापरला. हॉईल यांचे शिष्य आणि पुण्याच्या आयुकाचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांनीही २०२५ साली त्यांचं निधन होईपर्यंत महास्फोटाबद्दलची शंका सोडली नाही. हॉईल यांचं स्थिर-स्थिती विश्व काचेत करायचं ठरवलं असतं, तर ते कसं दिसलं असतं? मधला गोळा नाही. दांड्या एका जागेतून निघणार नाहीत. दीर्घिका एकमेकींपासून दूर जाणार आणि मधल्या रिकाम्या जागेत नवी काच उगवत राहणार. आणि झुंबर टांगायचं कुठं, हा प्रश्न वेगळाच!