मुक्कामाची चूल

थंडी पडली की आपल्या श्रीगोंदा तालुक्यात मुक्कामाला येणारी मंडळी दिसायला लागतात. कुणी पेडगावचा किल्ला बघायला येतं, कुणी सिद्धटेकच्या गणपतीचं दर्शन घेऊन भीमाकाठी थांबतं, कुणी पाहुण्यांच्या रानात तंबू ठोकून हुरडा खातं. त्यांना आणि तुमच्या घरातल्या हौशी पोरांना आज मला सांगायचंय, की उघड्यावर पोटभर आणि चवीचं जेवण करणं अवघड नाही. आधी चूल समजून घ्या आणि तिला मानवेल तेच रांधा. घरच्या गॅसवरचा बेत रानात करायला गेलात, तर भात खाली करपतो, वर कच्चा राहतो आणि शेवटी बिस्किटांवर रात्र काढावी लागते.

ही विद्या आपल्या डोळ्यांसमोर आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाजवळ कोप्या घालून राहतात. त्या घरची बाई पहाटेच्या अंधारात तीन दगडांवर सगळ्यांच्या भाकरी करते आणि मग कोयता घेऊन फडात उतरते. आपल्याला जी दोन दिवसांची हौस, ते तिचं हंगामभराचं कष्टाचं जगणं आहे, हे मनात ठेवूनच तिच्याकडून शिकावं. मेंढरांमागे फिरणारे धनगर घ्या, नाहीतर त्र्यंबकेश्वराहून निघून नगरमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या निवृत्तीनाथांच्या पालखीतले वारकरी घ्या. सगळ्यांची शिदोरी जवळपास सारखीच असते: पीठ, डाळ, तांदूळ, तिखट, मीठ, कांदा, लसूण, शेंगदाणे. यातलं काहीच लवकर नासत नाही, सांडलं तरी भरून घेता येतं, आणि कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं.

आता चूल. दगड बांधावरचे, कोरडे घ्या. नदीतला ओला दगड चुलीला कधीच लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटतो आणि त्याच्या कपच्या उडतात. भांड्याचं बूड जमिनीपासून वीतभराहून थोडं कमी उंच राहावं, म्हणजे जाळ नीट लागतो. हलका वारा असेल तर चुलीचं तोंड वाऱ्याकडे करा. जोराचा असेल तर त्या बाजूला दगडांचा आडोसा करा. धूर फार झाला तर समजा की लाकूड ओलं आहे नाहीतर आत हवा जात नाही. फुंकत बसण्याआधी दोन लाकडं मागे ओढून बघा.

जळणाचाही स्वभाव असतो. पाचट भडकन पेटतं आणि तसंच विझतं, ते फक्त चूल पेटवायला. तुरकाठ्यांचा जाळ मोठा, पाणी उकळायला चांगला. निखारे हवेत तर बाभळीसारखं लाकूड नाही. कण्हेरीची काडी मात्र जाळायला नको आणि काही भाजायला टोचायलाही नको. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

भांड्याला बाहेरून माती आणि राख कालवून पातळ लेप द्या. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना त्याच्याबरोबर निघून जाते. पाणी वाचतं, आणि मुक्कामात पाणी फार जपावं लागतं.

पहिल्या रात्री खिचडी करावी असं माझं ठाम मत आहे, कारण दमलेल्या माणसांकडून तेवढंच नीट होतं. घरूनच दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, हळद आणि मीठ एका पिशवीत बांधून न्या. तीन-चार माणसांचं भागतं. तेलात जिरं, लसूण, कांदा परता, मूठभर शेंगदाणे टाका, मिश्रणाच्या चौपट पाणी घाला. उकळी फुटली की जळतं लाकूड बाहेर ओढा, झाकण ठेवा आणि निखाऱ्यांवर शिजू द्या. झाकणावरही चार निखारे ठेवलेत तर शितं मऊ होतात. वरून आपल्या श्रीगोंद्याचं लिंबू पिळा. या तालुक्यात येऊन बाटलीतला लिंबूरस कुणी वापरू नये.

दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी. एक वाटी बेसन आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. फोडणीत पाणी घालून उकळा, त्यात ते ओता आणि हलवत राहा. एकूण पाणी तीन वाट्या. मंद निखाऱ्यावर पाच-सात मिनिटं वाफ द्या, कच्चा वास जातो. शेजारी निखाऱ्यात वांगं ठेवा. त्याला आधी दोन-चार टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. जाळावर ठेवलंत तर साल करपते आणि गर कच्चा राहतो, म्हणून निखाराच हवा.

भाकरीला शहरातली मंडळी घाबरतात. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं न्या. जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. कोमट पाण्यात पीठ तळहाताने रगडून रगडून मळा, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो मळण्यातूनच आणावा लागतो. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा, दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून निखाऱ्यासमोर उभी धरा. टम्म फुगते. नाही जमली तर ओल्या फडक्यावर थालीपीठ थापा, त्यातही काही कमी नाही. सोबत ठेचा घरून आणू नका. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून जाडं मीठ घालून दगडानेच ठेचा.

मटण-मासे खायचे असतील तर त्याच दिवशी आणून त्याच दिवशी संपवा. अधिक काय सांगू!

पाण्याबद्दल मात्र कडक सांगते. पुण्याकडची मुळा-मुठा दौंडच्या अलीकडेच भीमेला मिळते आणि ते सगळं पाणी पुढे पेडगावला येतं. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. पिण्याचं आणि रांधायचं पाणी गावातून भरून न्या, माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. तसंच रात्री उरलेली खिचडी सकाळी गरम करून खाऊ नका. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही टिकतात, कोमट भातात ती वाढतात, आणि त्यांचं विष दुसऱ्यांदा गरम केल्याने नाहीसं होत नाही. उरलेली भाकरी मात्र खुशाल कुस्करून कांद्याची फोडणी द्या, न्याहारी झाली.

पेडगावच्या गडात चूल पेटवू नका. १६८९ साली कैदेतल्या छत्रपती संभाजी महाराजांना याच गडावर आणलं होतं. तिथल्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या कोरीव दगडांना धूर लागता कामा नये. गडाबाहेर, मालकाला विचारून, मोकळी जागा घ्या. उसाच्या फडापासून आणि वाळल्या गवतापासून लांब बसा, भोवतीचा पाचोळा झाडून काढा. थंडी कितीही असो, शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. निघताना निखाऱ्यांवर नुसती माती लोटू नका, खाली ते तासन्‌तास धुमसत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, आणि राखेजवळ हात नेऊन ऊब लागत नाही हे बघूनच पाठीवर पिशवी घ्या.