साखर, गोळी आणि चेन्नईचे आकडे

व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापला होता ‘मधुमेह : पथ्य की गोळी?’. वक्ते डॉक्टर त्या प्रश्नचिन्हावरच रुसून आले होते. गोळी सुरू झाली म्हणजे आपण हरलो, ही समजूत मोडायचीच असा त्यांचा निर्धार दिसत होता. इन्शुलिन, स्वादुपिंड, साखरेची तीन महिन्यांची सरासरी हे सगळं त्यांनी “तुम्हाला पाठच आहे” म्हणून बाजूला सारलं. सभागृह हसलं. निम्म्यांना खरोखरच पाठ असावं.

सुरुवात अमेरिकेपासून झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवरचा तिथला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन सात टक्के घटवून आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा, या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी.

“व्हॉट्सॲपवर हेच फिरतं. चेन्नईचं कुणी पाठवत नाही!”

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने अशाच ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. २००६ मध्ये आलेले आकडे असे : आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्के कमी, मेटफॉर्मिनने २६.४, दोन्ही मिळून २८.२. गोळीची मात्रा तर अमेरिकेतल्या मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! डॉक्टरांनी मात्रेचा हा हिशेब दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा टेबलावर बोट आपटून.

मग सडपातळ अंगातही चरबी लपते हे पटवायला निघाला याज्ञिकांचा किस्सा, आणि तो काही आवरेना. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! एवढं सांगून न थांबता डॉक्टरांनी पहिल्या रांगेतल्या दोन सडपातळ गृहस्थांना उभं केलं, त्यांच्या पोटांवर टिप्पणी केली, स्वतःचा पट्टा दाखवला. अर्भकांच्या वजनापर्यंत गाडी पोहोचली तेव्हा चिटणीस घड्याळ पाहू लागले.

मागून एका आजींनी विचारलं, “पण डॉक्टर, त्या प्रयोगांतली माणसं मधुमेही नव्हतीच ना? आम्ही आहोत.”

टाळ्या पडल्या. डॉक्टर क्षणभर बावरले, मग थोडे चिडूनच ब्रिटनमधल्या प्रयोगाकडे वळले : नव्याने मधुमेह झालेल्या स्थूल रुग्णांत मेटफॉर्मिनच्या गटातले मृत्यू, मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांच्या तुलनेत, ३६ टक्के कमी निघाले. तो निष्कर्ष १९९८चा. उत्तर चोख होतं, पण आजींच्या प्रश्नाआधीच यायला हवं होतं.

तेवढ्यात चिठ्ठी आली : गोळी बंद होते का? ज्यासाठी निम्मे लोक आले होते, त्याला उरली दोन मिनिटं. स्कॉटलंड आणि टाइनसाइडच्या २०१७च्या प्रयोगात रोज साधारण साडेआठशे कॅलरींवर काही महिने राहिलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभराने औषधाविना आटोक्यात होती. दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. मात्र या सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्शुलिन कुणालाच नाही आणि गोळ्या थांबवल्या त्या देखरेखीखाली.

“म्हणून उद्या सकाळी डबी कचऱ्यात टाकू नका,” असं डॉक्टर सांगत असतानाच आभाराचा माइक सुरू झाला. कारल्याच्या रसाबद्दलच्या चिठ्ठ्या टेबलावरच राहिल्या.