लहान तेलकट मासळी : धरावी कशी, राखावी कशी, खावी कशी
(चेणे येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



"मला तारली बाधते", "बांगडा खाल्ला की अंगावर पित्त उठते" असे सांगणारी माणसे आपल्याकडे प्रत्येक गावात भेटतात. यांपैकी काहींना मासळीची खरोखरीच ॲलर्जी असते. त्यांनी ती खाऊ नये, एवढेच सांगता येईल. परंतु पुष्कळदा दोष माशाच्या जातीचा नसतो. मासा पाण्याबाहेर आल्यापासून चुलीवर चढेपर्यंत किती वेळ उन्हात किंवा कोंदट टोपलीत राहिला, यावर ते बाधणे अवलंबून असते. आजच्या भाषणाचा मोठा भाग याच विषयावर आहे. ही मासळी पापलेट-सुरमईच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते, घरातल्या लहानथोरांना उपयोगी पडते, आणि केवळ हयगयीमुळे ती एक तर फेकली जाते किंवा ताटात येऊन त्रास देते.

आपले चेणे गाव मोठ्या मोक्याच्या जागी आहे. मागे येऊरचा डोंगर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पुढे वसईची खाडी, मधून घोडबंदर रस्ता. डोंगरातून येणारी चेणे नदी खाडीला मिळते. भायंदरच्या पश्चिमेस उत्तन, चौक, पाली हे कोळीवाडे समुद्रावर आहेत. म्हणजे नदीचा, खाडीचा आणि दर्याचा असा तिन्ही प्रकारचा मासा आपल्या आवाक्यात आहे. त्यातला तेलकट कोणता हे आधी ओळखले पाहिजे, कारण तेलकट व बिनतेलाच्या माशाला एकच रीत चालत नाही.

तारली, तिचे भाऊबंद पेडवे आणि बांगडा हे खरे तेलकट मासे. खाडीतील बोईटही हंगामात चांगला तेलकट होतो. मांदेली तारलीइतकी तेलकट नसते, पण तिच्यातही तेल असतेच. पिवळसर अंग, पोटाकडे सोनेरी ठिपके आणि निमुळती होत गेलेली शेपटी यावरून ती सहज ओळखता येते. उत्तनच्या डोल जाळ्यात ती जवळा व बोंबलाबरोबर येते. बोंबील आणि मुडदुशी मात्र तेलकट नव्हेत. बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. म्हणून बोंबील मीठ न लावता नुसता वलांडीवर टांगून वाळतो आणि महिनोन् महिने टिकतो. तारली तशीच टांगली तर आठवड्यात खवट होईल. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

तारलीतील तेल वर्षभर सारखे राहत नाही. पावसाळ्यात समुद्राचे पाणी ढवळून निघते, त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली त्यांवर चरते. त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तिच्या अंगात दहा टक्क्यांहून अधिक चरबी सापडते. अंडी घालून झालेल्या किंवा उपाशी माशात हेच प्रमाण दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारली तव्यावर तेल न घालता भाजली तरी स्वतःच्या तेलात होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. या तेलात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले असतात. ती हृदयाला व रक्तवाहिन्यांना हितकर आहेत, आणि गरोदर बाईच्या पोटातील बाळाच्या मेंदूच्या व डोळ्यांच्या वाढीला लागतात. शंभर ग्रॅम तारलीत सुमारे अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वेही मिळतात. मांदेलीसारखा मासा काट्यासकट चावून खाल्ला तर कॅल्शियम मिळते ते निराळेच. मोठ्या माशाचा तुकडा घेणारा काटा मांजराला टाकतो आणि मग दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या आणतो! आणखी एक फायदा असा की हे मासे थोडेच दिवस जगतात आणि बारीक अन्नावर वाढतात. त्यामुळे मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पाऱ्यासारखे विष जितके साचते तितके यांच्यात साचत नाही.

आता बाधण्याच्या गोष्टीकडे वळू. बांगडा, तारली, मांदेली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टॅमिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, खाज येते, कधी उलट्या-जुलाब होतात. आपण त्याला पित्त म्हणतो. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की हिस्टॅमिन एकदा तयार झाले की ते शिजवून, तळून, खारवून किंवा बर्फात ठेवून नाहीसे होत नाही. आमसूल घातले, तिरफळ घातले, तरी ते तेथेच राहते. कोकमाचे सार पित्तावर चांगले म्हणून आपण पितो, पण बिघडलेला बांगडा त्याने सुधारत नाही. शिवाय मासा वासाने फारसा बिघडलेला न वाटताही त्यात हिस्टॅमिन असू शकते, म्हणून केवळ नाकावर विसंबू नये. असा त्रास झाल्यास राहिलेले कालवण टाकून द्यावे. श्वास घेण्यास जड जाऊ लागले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तात्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

यावर उपाय एकच, तो म्हणजे बर्फ, आणि तोही पहिल्या तासापासून. आपल्या हवेत एक किलो मासळीस एक किलो बर्फ धरावा. बर्फ बारीक फोडावा. डब्याच्या तळाशी बर्फ, त्यावर मासळीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, असे भरावे. वितळलेले पाणी खालून निघून जाईल अशी सोय ठेवावी, कारण त्या घाण पाण्यात मासा लवकर बिघडतो. थर्माकोलची पेटी असल्यास उत्तम. नसल्यास झाकणाचा डबा घेऊन त्याला ओले गोणपाट गुंडाळावे. उत्तनहून किंवा भायंदरच्या बाजारातून मासळी आणणाऱ्याने घरून निघतानाच डबा न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली तारली रिक्षा, मग बस आणि मग पायी अशी घरी पोचेपर्यंत उकडूनच निघते. आणल्यावर ती ओट्यावर ठेवून गप्पा मारीत बसू नये. आधी साफ करावी व लगेच शिजवावी किंवा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावी.

घेताना डोळा उठावदार व काळाभोर, कल्ले लाल आणि अंग घट्ट असावे. तारलीचे पोट फुटलेले असेल तर ती घेऊ नये. भरल्या पोटी धरलेल्या तारलीचे पोट तिच्याच पाचकरसाने लवकर फुटते आणि तेथून बिघाड सुरू होतो. घरी नेताक्षणी पोट साफ करावे, हे त्यासाठीच. मांदेलीचे डोके मोडून खाली ओढले की आतडे बरोबरच निघून येते. तिला सुरी लागत नाही.

मासळी जास्त आली तर वाळवावी, पण रेतीवर किंवा रस्त्याच्या डांबरावर नव्हे. बांबूची माची करून तिच्यावर जुने जाळे ताणावे, म्हणजे वरून-खालून वारा लागतो. जवळा व बारीक मांदेली अशी बिनमिठाची वाळते. वाळलेली मांदेली वाकवल्यावर कटकन मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे असे समजावे. तारली व बांगडा मात्र मिठाशिवाय वाळवू नये. मासा फाडून स्वच्छ धुवावा आणि चार किलो मासळीस एक किलो मीठ या प्रमाणात थर देऊन एक दिवस ठेवावे. मग सुटलेले पाणी निथळून माचीवर घालावे. मीठ बारीक व स्वच्छ हवे. मिठागरातले कच्चे मीठ आपल्या या भागात सहज मिळत आले आहे, परंतु त्यात काही वेळा मिठातही जगणारे जिवाणू असतात आणि त्यामुळे सुक्या माशावर गुलाबी, चिकट डाग पडतात. एवढे करूनही खारवलेली तारली हवा लागून पिवळी पडते व खवट होते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून भरावी आणि दोन-तीन महिन्यांत संपवावी. सुका बोंबील पावसाळाभर पुरवता येतो, तारली पुरवण्याचा हट्ट धरू नये. रक्तदाबाच्या रुग्णाने खारी मासळी भिजवून, पाणी काढून, तीही क्वचितच खावी.

येथे एक ताकीद देणे भाग आहे. माश्या व किडे लागू नयेत म्हणून वाळत घातलेल्या मासळीवर शेतातील कीटकनाशकाची भुकटी मारण्याचा मोह होतो. औषध घरात असते, हात सहज जातो. असे कधीही करू नये. ते धुऊन जात नाही. किड्यांसाठी माचीवर मच्छरदाणीचे कापड अंथरावे. त्या कापडाचा मासळीच्या कामी एवढाच उपयोग करावा.

हे मुद्दाम म्हणतो, कारण हेच कापड खाडीत बोकशीच्या शेपटाला लावलेले दिसते. त्यात बोटाच्या पेराएवढे पिल्लूही सुटत नाही. ते पिल्लू खाण्याच्या उपयोगाचे नसते, शेवटी कुटीत जाते. आजची टोपलीभर कुटी म्हणजे पुढील हंगामात न मिळालेली मासळी होय. केरळात तारलीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१२ साली तेथे सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली ती केवळ ३,२९७ टनांवर आली. समुद्राचे बदललेले तापमान हे त्याचे एक कारण, आणि लहान पिल्ले धरणे हे दुसरे. पुढे मासळी पुन्हा वाढली, पण मधल्या वर्षांत मच्छीमार घरांनी काय सोसले असेल याची कल्पना आपण शेतकऱ्यांनी करावी. दुष्काळ आपल्यालाही ठाऊक आहे. केरळात दहा सेंटिमीटरपेक्षा लहान तारली व चौदा सेंटिमीटरपेक्षा लहान बांगडा धरण्यास बंदी आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते.

वलगणीचे काय, असे आपण विचाराल. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर नदी-ओढ्यातले मासे भातखाचरांकडे चढतात आणि सारे गाव रात्री दिवे घेऊन बांधावर उतरते. हे मासे तेलकट नव्हेत, पण विषय जवळचा आहे. अशीच मौज परदेशातही आहे. अमेरिका व कॅनडातील मोठ्या सरोवरांत स्मेल्ट नावाचा लहान चंदेरी, तेलकट मासा वसंत ऋतूत अंडी घालण्यास ओढ्यांत चढतो. लोक रात्री हातजाळ्यांनी तो उपसतात आणि पिठात घोळवून काट्यासकट तळून खातात. तेथे काही ठिकाणी एका माणसाने दिवसाला किती धरावे याची मर्यादा मात्र घालून दिलेली असते. आपल्याकडे वलगणीला मर्यादा नाही. चढणारी मरळ, खाडीतली चिवणी या दिवसांत गाबोळीने भरलेली असते. गाबोळी चवीला उत्तम, हे मी नाकारीत नाही. परंतु ओहोळाचे तोंड आडवे बांधून सगळाच मासा काढू नये. अर्धी वाट मोकळी ठेवावी. एका घराने एक वेळच्या कालवणापुरता घ्यावा. पाण्यात विष कालवणे किंवा सुरुंग लावणे १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. विजेची तार सोडणाऱ्याच्या तर स्वतःच्याच जिवाला धोका असतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नदीला जाळे लावणे हाही गुन्हा आहे, हे चेण्याच्या तरुणांनी विसरू नये.

खाडीबद्दल स्पष्ट बोलतो. उल्हास नदीला वरच्या अंगास अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण येथील कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी मिळते आणि ते पाणी आपल्या खाडीतून समुद्राला जाते. पाण्याला रसायनाचा किंवा रॉकेलचा वास येत असेल त्या दिवशी जाळे टाकू नये. मेलेले, तरंगणारे मासे कोंबड्यांनाही घालू नयेत. चिखलात राहणारे निवटे व शिंपल्या नाल्याच्या तोंडाजवळून गोळा करण्यापेक्षा कोळीवाड्यातील समुद्राची मांदेली घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मग चार पैसे जास्त का पडेनात.

रांधण्याविषयी भगिनींना मी काय सांगणार! एवढेच सुचवितो की तेलकट मासा भरपूर तेलात खरपूस तळला की त्याचे स्वतःचे चांगले तेल कढईत उतरते आणि कढईतले त्याच्या अंगात जाते. त्यापेक्षा तारलीचे तिखले करावे, किंवा हळद-मीठ-मिरची व कोकम लावून केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर मंद भाजावे. लहान मुलांसाठी वाळलेली मांदेली डोके काढून, मंद भाजून, बारीक कुटावी. ही पूड चाळून घेऊन मऊ भातात किंवा नाचणीच्या पेजेत चमचाभर घालावी. काट्याची भीती राहत नाही.

साफ करताना निघालेली डोकी व आतडी अंगणात किंवा रस्त्याकडेला टाकू नयेत. ती शेणखताच्या खड्ड्यात हातभर खोल पुरून वर माती दाबावी. उत्तम खत होते. उघड्यावर टाकली तर वासाने कुत्री जमतात, आणि जंगलाला लागून असलेल्या आपल्या पाड्यांवर कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. लहान मुले असलेल्या घरांनी तरी हे काम संध्याकाळपर्यंत न ठेवता दिवसाउजेडी उरकावे.