स्टिअरिंग आपल्या हाती

आपल्या रेडिओवर आज बचतीचा हिशेब, पापड-मसाल्याचे भाव आणि बँकेचे अर्ज थोडे बाजूला ठेवू. आज आम्ही गाड्यांच्या शर्यतीबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातली एखादी म्हणेल, "काहून वो ताई, आपला न् रेसचा काय संबंध?" संबंध आहे. ऐकत राहा, म्हणजे कळेल.

अमेरिकेत स्टॉक कार रेसिंग नावाची शर्यत फार लोकप्रिय आहे. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. सुरुवातीच्या काळात शोरूममधून निघालेली साधी घरगुती गाडीच शर्यतीत पळवायचे, म्हणून हे नाव पडलं. १९४८ मध्ये तिकडे नॅसकार ही संस्था सुरू झाली. अशा गाड्यांची तिची पहिली मोठी शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट गावी झाली, आणि त्या पहिल्याच शर्यतीत सारा क्रिस्चियन नावाची एक बाई पुरुषांबरोबर उतरली होती. त्याच वर्षी एका शर्यतीत तिने पाचवा नंबर काढला. पुढे जेनेट गथ्री आली. ही भौतिकशास्त्र शिकलेली, विमान-अवकाश क्षेत्रात काम करणारी इंजिनिअर. १९७७ मध्ये डेटोना ५०० या नावाजलेल्या शर्यतीत ती बारावी आली. बाईला इतका वेळ गाडी झेपणार नाही, असं म्हणणारे तिथेही भरपूर होते. म्हणजे हे वाक्य फक्त आपल्याच मोहल्ल्यातलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्याच्या डायना पंडोले यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी पेपरात वाचलं असेल. त्या शिक्षिका आहेत आणि दोन मुलांची आई आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर त्यांनी सलून कार गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सलून म्हटलं की आपल्याला ब्युटी पार्लर आठवतं, पण इथे त्याचा अर्थ बंद टपाची, साधी चारचाकी गाडी. तेव्हा अमेरिकेच्या स्टॉक कारची ही जवळची बहीणच समजा. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आणि हे विजेतेपद बायांसाठी ठेवलेल्या वेगळ्या गटातलं नाही. या खेळात बाई-पुरुष एकाच रांगेत उभे राहतात, एकाच झेंड्यावर सुटतात, आणि घड्याळ दोघांसाठी सारखंच चालतं.

त्या एका दिवसात तिथे पोचल्या नाहीत. गाड्यांची आवड वडिलांमुळे लागली. पण प्रत्यक्ष शर्यतीत येण्याची वाट २०१८ मध्ये सापडली, तीही महिला चालकांसाठी जे.के. टायरने चालवलेल्या एका उपक्रमातून. तोवर घर होतं, मुलं होती, शाळेची नोकरी होती. ते सगळं सांभाळून त्या शिकल्या आणि सहा वर्षांनी विजेत्या झाल्या. २०२५ मध्ये तर आखाती देशांतल्या फेरारी गाड्यांच्या स्पर्धेसाठी त्यांचं नाव पुढे आलं.

आपण इथे जरा थांबू. मैत्रिणींनो, शर्यतीचा ट्रॅक काही पुण्यात घरामागे नाही. आपल्या देशात असे मोठे ट्रॅक मोजकेच आहेत. एक चेन्नईजवळ, एक कोइम्बतूरला, एक दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. म्हणजे दर शर्यतीला घर सोडून दूर जायचं. मुलांचे डबे, अभ्यास, परीक्षा, आजारपण, या सगळ्याची कोणीतरी व्यवस्था लावायची. शिवाय हा खेळ महाग. टायर, पेट्रोल, मेकॅनिक, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो, आणि तो बहुतेक वेळा प्रायोजकाकडून मिळवावा लागतो. प्रायोजक म्हणजे तरी काय, विश्वास ठेवून पैसे लावणारा. आपल्या गटात आपण एकमेकींसाठी हेच करतो, फक्त आकडे लहान असतात.

गाडीच्या आत काय असतं तेही सांगतो. आत एसी नाही, मऊ सीट नाही. गाडी उलटली तर चालक चेपू नये म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो. अंगावर आगीपासून वाचवणारा जाड सूट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट. खांद्यावरून आणि कमरेवरून आवळलेले पट्टे. उन्हाळ्यात दुपारी बाराला आपल्या नागपुरात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीत बसून बघा, म्हणजे अंदाज येईल. अशा गरमीत डोकं थंड ठेवायचं, समोरच्या गाडीवर नजर, आरशात मागच्या गाडीवर नजर, आणि वळणाच्या आधी नेमका कधी ब्रेक दाबायचा ते ठरवायचं. मद्रासच्या ट्रॅकची एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची. प्रत्येक फेरीला तीच वळणं, पण चूक करायची मुभा एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मुलांनी ऐकावी. ट्रॅकवर फार कडक शिस्त असते. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल झेंडा दिसला की शर्यत थांबली. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळा झेंडा दाखवला तर मुकाट्याने बाहेर यायचं. शर्यतीत भाग घ्यायला वेगळा परवाना लागतो. रात्री रिंग रोडवर बाइक आडवी-तिडवी पळवणारी पोरं स्वतःला रेसर म्हणवतात, पण खरा रेसर रस्त्यावर सिग्नल तोडत नाही. वेगाची जागा ट्रॅक आहे, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

आता तो संबंध. आमच्या एका गटात मागच्या उन्हाळ्यात एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर ड्रायव्हिंग क्लासची फी भरायला. बैठकीत शांतता पसरली. शिलाई मशीनला कर्ज दिलं होतं, शेळीला दिलं होतं, पोराच्या कॉलेजलाही दिलं होतं. गाडी शिकायला कोणी मागितलंच नव्हतं. एक काकू म्हणाल्या, "घरी गाडी नाही, शिकून चालवशील काय बाई?" दुसरी म्हणाली, "सासूले इचारलं काय?" ती ताई शांतपणे म्हणाली, "गाडी नाही म्हणूनच शिकते. येत असेल तर कोणाची तरी चालवून पैसे तरी कमवीन."

तासभर चर्चा झाली. परतफेड कशी होणार, हा प्रश्न रास्तच होता, कारण गटाचा पैसा सगळ्यांचा आहे. शेवटी हप्ते ठरले आणि ठराव रजिस्टरमध्ये लिहिला गेला. ती ताई आरटीओच्या पहिल्या चाचणीत नापास झाली. वस्तीत दोन दिवस त्याचीच चर्चा. तिने पुन्हा सराव केला आणि दुसऱ्या वेळी पास झाली. हप्ते वेळेवर येत आहेत. गाडी अजून मिळालेली नाही, पण लायसन्स आहे, आणि आता आणखी दोघींनी त्याच कारणासाठी अर्ज दिले आहेत.

लायसन्स हातात असण्याला आज अर्थ आहे. राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत नागपूर शहर आहे. त्यात किमतीच्या ७० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के सरकारचा वाटा आणि १० टक्के आपण भरायचे, अशी रचना आहे. पण लायसन्स नसेल तर त्या दारात उभंच राहता येत नाही. आपल्याच राज्यात शीला डावरे परभणीहून पुण्याला आल्या आणि १९८८ मध्ये ऑटोरिक्षा चालवू लागल्या. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद झाली. तेव्हा ना अशी योजना होती, ना गट.

तर मैत्रिणींनो, थोडं कामाचं सांगून थांबतो. वय १८ पूर्ण असेल तर गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढता येतं. ते ६ महिने चालतं, आणि काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला बसवा, एजंटला पैसे देण्याआधी तिला विचारा. शिकताना सोबत पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि गाडीवर लाल रंगात एल लिहिलेलं हवं. शक्यतो दोघी-तिघी मिळून क्लास लावा. एकटीला जाऊ देत नाहीत, तिघींना सहसा कोणी अडवत नाही, हा आमचा अनुभव आहे.

सगळ्यांनी रेसर व्हावं असं आमचं म्हणणं नाही. पण रात्री घरात कोणी आजारी पडलं आणि अंगणात गाडी उभी असली, तर चालवणारा माणूस शोधत फिरायची वेळ आपल्यावर येऊ नये. येत्या बैठकीत एवढा एक विषय घ्या: आपल्या गटात लायसन्स किती जणींकडे आहे? हात वर करायला सांगा आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. आकडा वाढला असेल, तर आम्हाला नक्की कळवा.