प्रत्येक फेजला कारण हवे



या परिषदेचे अध्यक्षपद दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आज मी रोजच्या कामातला एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. पोटाचा सीटी स्कॅन करताना आपण रुग्णाला किती किरणोत्सार देतो, आणि त्यातला खरोखर किती लागतो?

काही वर्षांपूर्वी २६ वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला. मुतखड्याचा त्रास होता. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दीड वर्षातले तीन सीटी स्कॅन होते, तीन वेगवेगळ्या ठिकाणचे. तिन्ही वेळा प्लेन, कॉन्ट्रास्ट आणि डिलेड अशा तीन-तीन फेज घेतलेल्या. सीडीतली डोसची पाने उघडून मी डीएलपीची, म्हणजे डोस आणि स्कॅनची लांबी यांच्या गुणाकाराची, बेरीज केली, ती ४,००० मिलिग्रे-सेंटीमीटरच्या घरात गेली. पोटासाठीच्या ०.०१५ या गुणकाने गुणले की होतात ६० मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे २५ वर्षांचा वाटा त्याला दीड वर्षात मिळाला होता. खडा कुठे आहे आणि केवढा आहे, एवढेच पाहायचे होते. त्यासाठी कमी डोसचा एक प्लेन स्कॅन पुरतो, आणि तो ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास होऊ शकतो.

त्याने विचारले, “डॉक्टर, यातला एखादा रिपोर्ट चुकलाय का?” एकही चुकला नव्हता. म्हणूनच तर काही चुकले आहे, असे तोवर कोणालाच वाटले नव्हते.

इतक्या फेज सहज का घेतल्या जातात, हे पाहायला थोडे मागे जाऊ. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटीचे जनक हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. तेव्हा एकेका छेदाला काही मिनिटे लागत. यंत्राचा तो संथपणाच मोठा लगाम होता. आज रुग्णाने एकदा श्वास रोखला की अख्खे पोट स्कॅन होते, आणि आणखी एक फेज घ्यायला बटण दाबणे पुरते. लगाम आता आपल्याच हाती आहे.

धोक्याविषयी मोजून बोलू या. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासावर मुख्यत्वे आधारलेल्या अंदाजानुसार १० मिलिसिव्हर्टमागे जीवघेण्या कर्करोगाची शक्यता सुमारे २,००० मध्ये १ इतकी वाढते. मुलांमध्ये ती अधिक असते. आतडे फुटलेल्या किंवा अपघातात यकृत फाटलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा आकडा क्षुल्लक आहे. तिथे स्कॅन लांबवणे हाच खरा धोका. भीती पसरवण्याचे काम आपले नव्हे. पण जिथे फायदाच नाही, तिथे छोटा धोकाही द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

डोस किती लागेल हे रोगाचा प्रश्न ठरवतो. डोस निम्मा केला की चित्रातला नॉइज सुमारे ४० टक्के वाढतो. पांढराशुभ्र खडा त्या नॉइजमध्येही ठळक दिसतो. यकृतातली छोटी गाठ मात्र आसपासच्या पेशींत मिसळून जाते, म्हणून तिथे डोस कमी करून चालत नाही. यकृताच्या कर्करोगाचा संशय असेल तर आर्टेरियल, पोर्टल आणि डिलेड या तिन्ही फेज हव्यातच, कारण गाठ कॉन्ट्रास्ट कशी घेते आणि कशी सोडते यावरच निदान उभे राहते. पण अपेंडिक्सच्या गळवाला सुमारे ७० सेकंदांनी घेतलेली एक पोर्टल फेज बहुधा पुरते. तिच्याआधीचा प्लेन स्कॅन ही पुष्कळदा निव्वळ सवय असते.

तंत्रज्ञ मित्रांनो, यातला मोठा वाटा तुमच्या हाती आहे. रुग्ण गॅन्ट्रीच्या मध्यावर आहे ना, हे पाहा. तो एक्स-रे नळीच्या जवळ गेला की स्काउटमध्ये आहे त्याहून जाड दिसतो आणि यंत्र आपोआप जास्त करंट देते. हात डोक्यावर घ्यायला सांगा. स्कॅन श्वासपटलाच्या जरा वरून सुरू करा आणि गरज नसेल तर खाली मांडीपर्यंत नेऊ नका. सडपातळ रुग्णाला कॉन्ट्रास्ट देणार असाल तर १२० ऐवजी १०० केव्ही वापरून पाहा. डोस घटतो आणि आयोडीन उलट जास्त उजळते.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा सीटीडीआय हा डोसचा आकडा ३२ सेंटीमीटर व्यासाच्या ॲक्रिलिक फँटमवर आधारलेला असतो. आपल्या कृश रुग्णाला प्रत्यक्ष मिळणारा डोस त्या आकड्याहून जास्त असतो. यंत्रासोबत आलेला प्रोटोकॉल या देहाला बेतून घेतलाच पाहिजे.

यंत्राचा परवाना आणि गुणवत्तेच्या चाचण्या यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. मात्र अमुक रुग्णाला तीन फेज कशासाठी, हे विचारायला त्या खोलीत आपल्याशिवाय कोणी नसते.

म्हणून या अध्यक्षपदावरून माझ्या तीन विनंत्या आहेत. मागणीपत्रावर नेमका प्रश्न लिहिलेला नसेल तर पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. प्रत्येक फेजचे कारण एका ओळीत सांगता येत नसेल तर ती फेज घेऊ नका. आणि प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी डीएलपी लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना सीडी उघडावी लागणार नाही.

त्या तरुणाचा मी त्या दिवशी स्कॅन केला नाही. सोनोग्राफीत खडा दिसला आणि काम भागले. त्याच्या फाइलच्या आतल्या बाजूला मी तीन तारखा आणि तीन आकडे लिहिले आणि सांगितले, “पुढच्या वेळी कुठेही गेलात, तर आधी हे पान दाखवा.” आपण प्रत्येक रिपोर्टवर तो आकडा लिहू लागलो, तर असे पान रुग्णाला स्वतः जपावे लागणार नाही. त्याची सुरुवात उद्याच्या पहिल्या रिपोर्टपासून करू या.