समुद्रतळाची राखण

रान तोडले तर तुम्हांआम्हांला दिसते. पण समुद्राच्या तळाशी काय मोडले, ते कोण पाहणार? स्कॉटलंडच्या वायव्येस, सुमारे १००० मीटर खोल पाण्यात ‘डार्विन माउंड्स’ नावाचे वाळूचे उंचवटे आहेत. त्यांवर थंड पाण्यातले पोवळे वाढते. १९९८ साली ते सापडले. दोनच वर्षांनी तेथे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचे ओरखडे दिसले! २००३ साली युरोपीय संघाने तिथे अशा मासेमारीस बंदी केली. २०११ साली पाहणी झाली. जिथे जाळी फारशी फिरली नव्हती, तिथले पोवळे जिवंत होते. मोडलेल्या जागी मात्र आठ वर्षांतही नवे उगवले नव्हते. म्हणून म्हणतो, कुंपण घालायचे ते पीक उभे असतानाच.